अकरावा फेडर

"ही बघ. हिच्यावर माझा हात होता," ताई म्हणाली आणि तिने काचेच्या कपाटातून ती काळी टोपी काढून गाण्यांच्या कंपनीतून आलेल्या मुलीच्या तळहातावर ठेवली.

तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे काटेकाकांनी, लगेच चहाच्या कपात तोंड घातलं. कपात चहा उरलेला नव्हता, पण ही गोष्ट सुरू झाली की त्यांना नजर ठेवायला कुठेतरी जागा लागे, आणि गेली चाळीस वर्षं ती जागा बहुधा कपाच्या तळाशीच सापडत आली होती.

टोपी म्हणजे डोक्यावरची नव्हे. बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा, मधोमध एक पांढरी रेघ. गाण्याच्या स्टुडिओत एक लांबरुंद टेबल असतं. त्यावर प्रत्येक वाद्यासाठी आणि प्रत्येक आवाजासाठी एकेक खाच, आणि त्या खाचेतून वरखाली सरकणारी एकेक काडी. वर नेली की तो आवाज मोठा, खाली ओढली की बारीक. तिला फेडर म्हणतात. काडी बोटाला टोचू नये म्हणून तिच्यावर अशी टोपी बसवतात. ताईच्या कपाटात भाऊजींचा फोटो होता, कोरसमधल्या बायकांच्या घोळक्याचा फोटो होता, नातीने शाळेत पटकावलेला कप होता, आणि ह्या सगळ्यांच्या पुढे, दागिना ठेवावा तशी, लाल डबीत ती टोपी होती.

कंपनीने जुनी गाणी नव्याने काढायला घेतली होती. नुसती झाडूनपुसून नव्हे, तर मूळच्या टेपा उघडून, एकेक आवाज सुटा करून, सगळं पुन्हा मिसळून. त्या कामाची प्रमुख म्हणजे ही मुलगी, आणि गाणी मिसळायला तिने काटेकाकांना घेतलं होतं. वय तिशीच्या आत, पण कान तयार आणि जीभ त्याहून तयार. "मला अगंतुगं करा हो काका," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, पण काम देणाऱ्याला अगंतुगं करायला काकांची जीभ वळत नसे. त्या गाण्यांपैकी एकात ताईचा आवाज आहे हे कळल्यावर ती आपणहून संमतीच्या कागदावर सही घ्यायला घरी आली होती.

मग ताईने गोष्ट सांगितली. ती ठरलेल्या पायऱ्यांनीच उतरते. सिनेमा पडला पण नावेचं गाणं गाजलं, ही पहिली पायरी. नावेतली बाई गाते आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी पलीकडच्या काठावरून दुसरी बाई तिला उत्तर देते, ही दुसरी. त्या उत्तरासाठी संगीतकारांनी कोरसच्या वीस जणींतून ताईला बोट दाखवून पुढे बोलावलं, ही तिसरी. आणि शेवटची म्हणजे गाणं मिसळायच्या दिवशी ती धाकट्या भावाचा डबा घेऊन स्टुडिओत गेली, तेव्हा भाऊ म्हणाला, ताई, तुझा आवाज आहे, तूच लाव. आणि त्याने अकरावा फेडर तिच्या हातात दिला.

"चाळीस वर्षं रेडिओवर वाजतंय ना, ते माझ्या हातचं आहे," ताई म्हणाली. बाहत्तराव्या वर्षीही हे वाक्य म्हणताना तिची मान ताठ होते.

मुलगी भारावून गेली. मग जरा चाचरत तिने विचारलं की उत्तराच्या त्या ओळी नेमक्या कुठे येतात, तिला आठवत नाहीयेत. तिने ते गाणं शंभरदा ऐकलं असेल, पण दुसरा आवाज काही कानात राहिला नव्हता. ताई मुळीच रागावली नाही. लक्ष देऊन ऐकलंस तर येतो ऐकू, असं हसून म्हणाली आणि टोपी पुसून डबीत ठेवली. काटेकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ह्यात मरण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. पूर्वीच्या टेबलावर आवाज मोजायला काट्याची मीटरं असत, आणि काकांचे डोळे सदा त्या काट्यांना चिकटलेले. त्यावरून धंद्यात नाव पडलं आणि ते इतकं रुळलं, की एकदा सत्काराच्या शालीबरोबर मिळालेल्या कागदावरही 'श्री. काटे' असं छापून आलं. ताई मात्र त्यांना धाकट्या म्हणते. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याला पुढे वाढवला तो ताईने, आणि मॅट्रिकनंतर स्टुडिओत चिकटवलाही तिनेच. कोरसला जाता-येता तिने तिथल्या वस्तादांच्या कानी लागून लागून, "एकदा घेऊन तर बघा माझ्या भावाला," असं चार महिने म्हटलं, तेव्हा कुठे वस्तादांनी त्याला वायरी गुंडाळायला ठेवून घेतलं.

वस्ताद म्हणजे टेबलावरचा मुख्य माणूस. कुस्तीशी त्यांचा संबंध नव्हता, पण शिष्याला चीतपट करायची हौस तेवढी होती. त्यांचे धडे काकांना अजून पाठ आहेत. एखादं वाद्य ऐकू येत नसेल तर ते वर नेऊ नकोस, त्याच्या वाटेत कोण उभं आहे ते बघ आणि त्याला खाली घे. जे वाजताना कुणाला कळत नाही पण काढल्यावर चुकल्यासारखं वाटतं, ते बरोबर लागलंय असं समज. आणि लांब असणं वेगळं, कमी असणं वेगळं. लांबचा माणूस दाखवायचा तर त्याच्या आवाजाला किंचित घुमारा दे, धार थोडी बोथट कर, म्हणजे तो लांबून येईल आणि तरी शब्द न् शब्द कळेल. नुसता खाली ओढलास तर तो लांब जात नाही, फक्त दबतो.

शेवटचा धडा मात्र गाण्याचा नव्हता. टेबलावर एक फेडर मेलेला ठेवायचा. वस्तादांनी अकराव्याची वायर मागून कापून ठेवली होती. निर्माता आला, त्याचा मेहुणा आला, मेहुण्याचा मित्र आला आणि "ते व्हायोलिन जरा वर घ्या की" असं सुरू झालं, की वस्ताद अदबीने म्हणत, "साहेब, तुम्हीच घ्या." साहेब अकरावा फेडर दोन बोटांनी सरकवत, डोळे मिटत, मान डोलावत आणि म्हणत, आत्ता कशी मजा आली. गाणं होतं तिथेच असे. एका मेहुण्याने तर अर्धा तास खपून व्हायोलिन वरखाली केलं होतं, आणि त्या गाण्यात व्हायोलिन नव्हतंच. समोरचा जास्तच तिखट कानाचा निघाला, तर त्यावरही उपाय होता. त्याचा हात फेडरवर असताना आपण डाव्या हाताने खोलीतल्या स्पीकरचा आवाज गुपचूप एक काटा वाढवायचा. खोलीत सगळंच वाढतं, माणसाला वाटतं आपलं वाढलं. टेपवर काहीच जात नाही.

नावेचं गाणं मिसळायचं होतं त्या आठवड्यात वस्ताद आजारी पडले आणि खुर्चीवर पहिल्यांदा एकटा बसला तो ताईचा भाऊ. त्या दिवशीच्या त्याला आपण अहोजाहो करायचं कारण नाही. चोवीस वर्षांचा होता, आणि त्याने जे केलं त्याला एकेरीच शोभतं.

मुख्य गाणाऱ्या बाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या स्वतः ऐकायला आल्या होत्या. एरवी कधी येत नसत. त्याने गाणं लावलं. पहिल्या कडव्यानंतर पलीकडच्या काठावरून उत्तर आलं आणि बाईंच्या बोटांचा ताल थांबला. गाणं संपल्यावर त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पलीकडच्या काठावरून येतंय ना ते? मग लांबूनच येऊ द्या की." त्याने घुमारा दिला, धार बोथट केली, वस्तादांनी शिकवलं होतं तसं सगळं केलं. आवाज लांब गेला आणि आणखीच सुंदर झाला. बाई म्हणाल्या, "अजून." त्याने पुन्हा थोडा खाली घेतला. बाई म्हणाल्या, "अजून जरा." आणि जाता जाता स्टुडिओच्या मालकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "हा मुलगा नवीन दिसतो. वस्ताद कधी येणार?"

त्याची पाचावर धारण बसली. त्याने ताईचा आवाज इतका खाली ओढला, की उत्तर येतं आहे असा नुसता भास उरला. बाई प्रसन्न होऊन गेल्या. खुर्ची वाचली.

तासाभराने ताई डबा घेऊन आली. ऐकू का रे, म्हणाली. ऐकलं. मग अगदी हलकेच, एखाद्याच्या घरात पाणी मागावं तसं म्हणाली, "माझा थोडा वर येईल का रे? अगदी थोडा."

इथे तो खरं बोलू शकला असता. ताई, बाईंनी दाबायला लावला, मी घाबरलो, असं म्हणाला असता तर तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवून जेवायला वाढलं असतं, एवढं त्याला तेव्हाही माहीत होतं. पण सांगायची लाज वाटली, आणि ती लाज झाकायला त्याचा हात आपोआप वस्तादांच्या शेवटच्या धड्याकडे गेला. "तूच लाव ना ताई," तो म्हणाला. "हा अकरावा तुझा."

तिने पदराला हात पुसले, टोपीवर एक बोट ठेवलं आणि जीव मुठीत धरून फेडर सरकवला. त्याने डाव्या हाताने स्पीकरचा आवाज एक काटा वाढवला. ताईचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "हां. आता बास. एवढंच."

गाणं गाजलं. ताईला मात्र त्यानंतर एकटीने गायला कुणी बोलावलं नाही. कशाला बोलावतील? तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता. ती पुढे वीस वर्षं कोरसच्या दुसऱ्या रांगेत उभी राहिली. जुनं टेबल भंगारात निघालं तेव्हा तिने दुसरं काही मागितलं नाही, तेवढी अकराव्या फेडरची टोपी मागितली. ती काढून कागदात गुंडाळून देणारा हातही तोच होता.

काका पुढे मोठे झाले, नाव झालं, हाताखाली माणसं शिकली. मेलेला फेडर त्यांनी पुन्हा कधी कुणाला दिला नाही. आणि स्वतःच्या मनाची समजूत घालायला त्यांनी एक कारण तयार ठेवलं, की आवाज तसा कच्चाच होता, श्वास ऐकू येत होता, ओळ किंचित उशिरा पडत होती. चाळीस वर्षं रोज घासलं की खोटंसुद्धा चकचकीत होतं.

आता टेप उघडल्यावर ते कारण पाच मिनिटंही टिकलं नाही. काकांच्या खोलीत आता मोठं टेबल नाही. एक संगणक, त्याच्यापुढे आठ फेडरचं छोटं टेबल आणि भिंतीला स्पंज, एवढाच पसारा. सकाळी दहाला त्यांनी बाकीचं सगळं बंद करून ताईचा एकटीचा आवाज लावला. आधी काही क्षण नुसती शांतता, माइकसमोर कुणी उभं असल्याची. मग बत्तीस वर्षांची ताई संगीतकारांना विचारताना ऐकू आली, "नीट जमेल ना मला?" आणि मग ओळ आली.

ती उशिरा पडत नव्हती. ती थांबत होती. पाण्यावरून हाक पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा, नखभर. शब्दांच्या सुरुवाती तिने मुद्दाम मऊ केल्या होत्या, म्हणजे आवाज लांबून आल्यासारखा लागावा. पलीकडचा काठ तिने गळ्यातच आणला होता. तो दाखवायला टेबलावर काही करायची गरज नव्हती, घुमाऱ्याचीसुद्धा नाही. वीस जणींत मिसळायची सवय असलेल्या बाईला पहिल्यांदा एकटीला उभं केलं, आणि तिने हे करून ठेवलं होतं. काकांनी आवाज बंद केला आणि संगणकाच्या काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा खुर्ची फिरवून भिंतीकडे केली.

चार दिवस त्यांनी त्या गाण्यावर घालवले. वरातीमागून घोडं, हे त्यांना कळत होतं. पण निदान घोडं धडधाकट असावं. ताईच्या वाटेत सारंगी उभी होती, तिला त्यांनी बाजूला केली. झांजांची धार त्या चार जागी काढून घेतली. मोठ्या बाईंना अजिबात हात लावला नाही, त्या होत्या तशाच मध्यभागी, सुरेल आणि दणदणीत. ताईला त्यांनी थोडं उजवीकडे ठेवलं, जिथे काठ असेल तिथे. मग फेडर वर नेला. गाणं एका बाईचं होतं ते दोघींचं झालं. नावेतली बाई आजवर हवेशी बोलत होती, आता तिला कुणीतरी होतं.

कंपनीच्या मुलीने ऐकलं. पुन्हा लावा म्हणाली. मग म्हणाली, "काका, ह्या इतकी वर्षं कुठे होत्या?" ताईंनी स्वतः लावलेलं हे नंतर कुणा गाढवाने दाबलं, असं तिने चिडून विचारलं. काकांनी "बघायला हवं," असं काहीतरी उत्तर दिलं. चोराच्या मनात चांदणं, तसं त्यांना वाटलं की तिला सगळं दिसतं आहे. तिला काहीच दिसत नव्हतं. ती ताईचं नाव मुखपृष्ठावर कुठे घ्यायचं ह्याचाच विचार करत होती.

त्यांनी ताईला ऐकायला बोलावलं, आणि त्याच दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवलं. आधी गाणं ऐकवायचं, म्हणजे भरपाई हातात पडेल, आणि मग सांगायचं. झाकली मूठ ते चाळीस वर्षं धरून होते, आता बोटं दुखायला लागली होती.

ताई ठेवणीतले कपडे घालून आली. खोली पाहून "एवढ्याशा जागेत होतं होय आता?" म्हणाली. मग पर्समधून लाल डबी काढली. टोपी इथे बसेल का, असं विचारलं. "माझा अकरावा कुठाय?"

आता आठच असतात ताई, तुझा तिसरा, असं काकांनी सांगितलं. तिसऱ्याची टोपी काढून त्यांनी जुनी बसवली. थोडी ढिली बसली, पण बसली. मग त्यांनी गाणं लावलं.

पहिलं उत्तर आलं. ताईचे डोळे उघडले आणि तिने काकांकडे बघितलं. "अगंबाई," ती म्हणाली, "मी?" एवढंच. दुसऱ्या कडव्यानंतर ती हसली, तोंडावर हात ठेवून, लहान मुलगी हसते तशी. गाणं संपेपर्यंत तिने तो हात काढला नाही. काकांच्या छातीवरचं ओझं हललं. एक सबंध गाणंभर त्यांना वाटलं, की जमलं, फिटलं.

"परत लाव," ताई म्हणाली.

दुसऱ्यांदा ती वेगळं ऐकत होती. मान खाली, डोळे मिटलेले, एक बोट गुडघ्यावर. कोरसच्या रांगेत ती अशीच उभी राहायची. दुसऱ्या उत्तरापाशी ते बोट थांबलं. गाणं संपल्यावर तिने डोळे उघडले.

"फार वर आलाय रे," ती म्हणाली. "बाईंच्या अंगावर जातोय."

"नाही जात, ताई. असाच असायला हवा होता. त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी मी बरोबर लावला होता," ताई म्हणाली. तिने काकांच्या मनगटावर हात ठेवला. "तुला कधी बोलले नाही, धाकट्या. त्या दिवशी मला मोह झाला होता. फेडर माझ्या हातात, तू काही अडवलं नसतंस. पार वरपर्यंत नेला असता. पण गाणं बाईंचं होतं. मी हात आवरला. रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, फारच आवरला की काय आपण. रडले होते मी स्वयंपाकघरात, ह्यांना कळू न देता. मग हळूहळू पटलं. आणि पुढे जेव्हा जेव्हा वाटलं ना, की आपलं राहून गेलं, आपल्याला कुणी विचारलं नाही, तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की अगं, तुझ्या हातात दिला होता फेडर. तूच आवरलास. कुणी दाबलं नाही तुला."

काकांच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. खरं सांगायचं म्हणजे तिच्या हातून काय काढून घ्यायचं, हे त्यांना आत्ता दिसलं. तो आवाज तिचा होताच, पण चाळीस वर्षं ती ज्याच्यावर उभी होती ती फळी त्यांनीच, खोटी, तिच्या पायाखाली सरकवली होती. आता ती काढून घ्यायची आणि मन आपलं हलकं करायचं, ह्याचीही त्यांना लाज वाटली. ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याचीसुद्धा वाटली.

"दे इकडे," ताई म्हणाली. "लाव पहिल्यापासून."

तिने हात पुसले. टोपीवर बोट ठेवलं आणि गाणं सुरू असतानाच फेडर हळूहळू खाली आणायला लागली. काका पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होते. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. आवाज उतरत गेला, काठ लांब न जाता नुसता अंधारत गेला. एका जागी ती थांबली. थोडं वर नेलं, पुन्हा थोडं खाली, आणि बोट उचललं. जुन्या गाण्यात चाळीस वर्षांपूर्वी तो जिथे होता, बरोबर तिथे. केसाचाही फरक नव्हता. काय कान होते तिचे.

"हां. आता बास," ती म्हणाली. "बरोबर आहे ना रे?"

"बरोबर आहे, ताई."

तिने टोपी काढून घेतली, रुमालाने पुसली आणि डबीत ठेवली. जाताना दारात म्हणाली, की वर आलेला ऐकवलास ते बरं केलंस, एकदा ऐकून घेतला. जिना उतरायला त्यांनी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरली.

काका परत येऊन बसले. संगणक काही विसरत नाही. एक कळ दाबली असती तर ताईचा हात पुसला जाऊन आवाज पुन्हा वर आला असता. कंपनीला तोच हवा होता, गाण्यालाही तोच हवा होता, आणि खरं सांगायचं तर न्यायही तोच होता. ताईला काय, कंपनीने केलं म्हणून सांगता आलं असतं. काकांनी ते वाक्य मनात जुळवूनही ठेवलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे जुळवताना आपला चेहरा कसा झाला असेल तो आपल्या ओळखीचा आहे. चोवीस वर्षांच्या त्या पोराचा तो चेहरा होता.

त्यांनी ताईचं पाठवलं.

तासाभरात मुलीचा फोन आला. ती भडकली होती. गाणं मारून टाकलंत, म्हणाली. परवाचं कुठाय, हे खाली कुणी घेतलं?

"जिचा आवाज आहे तिने," काका म्हणाले.

मुलगी बराच वेळ भांडली. कंपनीचं म्हणणं, ऐकणाऱ्यांचं म्हणणं, सगळं सांगून झालं. काका ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, की ह्यात बदल होणार असेल तर माझं नाव काढा. ती थकली. मग मिसळणाऱ्याचं नाव काय घालायचं, तुमचंच ना, असं तिने विचारलं. काकांनी ताईचं नाव सांगितलं, आधी तिचं आणि मग आपलं. चाळीस वर्षं ताई जे सांगत आली होती ते त्या दिवसापासून खरं झालं. त्यासाठी तिला स्वतःचाच आवाज खाली घ्यावा लागला, आणि हे ज्याला माहीत आहे असा जगात एकच माणूस होता.

तिसऱ्या फेडरवर काकांनी नवी टोपी बसवली नाही. काडी ताईने सोडली होती तिथेच उभी आहे, बारीक, उघडी. कामं येत राहतात आणि काका सात फेडरवर भागवतात.

परवा एक संगीतकार शेजारी बसला होता. गाणं ऐकता ऐकता त्याचं लक्ष त्या काडीकडे गेलं, आणि बोट लावायला तो पुढे झाला. काकांनी त्याचा हात मधेच धरला.

"का हो, मेलाय का हा?" त्याने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "हा चालू आहे."